कृष्णा-वारणा खोऱ्यातील पाण्याचे अर्थकारण : संचय, उपसा आणि निचरा

प्रस्तावना

विकसनशील राष्ट्रांच्या आर्थिक प्रगतीचा विचार करताना जलसंपत्ती हा घटक अलीकडच्या काळात केंद्रस्थानी आलेला आहे. पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के पाणी खारे असून गोड्या पाण्याचा वाटा अवघा अडीच टक्के आहे. त्यातीलही बहुतांश पाणी हिमनद्यांत आणि भूगर्भात आहे. हे आकडे पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित झालेले आहेत. १९९२ च्या डब्लिन परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य असल्याचे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी सहावे गोड्या पाण्याविषयी, तर चौदावे सागरी संपत्तीविषयी आहे. 'नील अर्थव्यवस्था' ही संज्ञाही आता शासकीय दस्तऐवजांत रूढ झाली आहे.

तथापि या चर्चेत पाण्याची आर्थिक क्षमता बहुधा साठ्याच्या भाषेत मांडली जाते. किती धरणे, किती अब्ज घनफूट, किती हेक्टर भिजले, एवढ्यावर हिशेब पूर्ण झाला असे मानले जाते. पाणी शेतात पोहोचल्यानंतर त्याचे काय होते आणि ते तेथून बाहेर कसे पडते, याची नोंद या हिशेबात नसते. ही उणीव किती महाग पडते हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुका आणि त्याचे मुख्यालय इस्लामपूर (राज्य शासनाने २०२५ मध्ये या शहरासाठी ईश्वरपूर हे नाव जाहीर केले) हे त्याचे जवळचे उदाहरण होय. पाण्याने माणसाला काय दिले आणि जमिनीकडून काय परत घेतले, या दोन्ही गोष्टी या एका तालुक्यात शेजारी शेजारी दिसतात. पाण्याची आर्थिक क्षमता साठ्याइतकीच निचऱ्यावर आणि वाटपावर अवलंबून असते, हे या खोऱ्याच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खोरे आणि त्यातील साठा

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. याच नदीच्या खोऱ्यात पूर्वेकडे असलेल्या आटपाडी, जत या तालुक्यांत मात्र पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. कऱ्हाड येथे कोयना, हरिपूर येथे वारणा, ब्रह्मनाळ येथे येरळा आणि नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. वाळवा तालुका कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधोमध वसलेला असून दोन्हीकडे खोल काळ्या मातीची सुपीक मळई आहे.

या पाण्यावर उभारलेली साठवण मोठी आहे. कोयनेचा शिवसागर १०५.२५ टीएमसी, चांदोली येथील वारणेचा वसंतसागर ३४.४० टीएमसी, धोम १३.५० टीएमसी आणि कण्हेर १०.१० टीएमसी, अशा चार धरणांचीच एकत्रित क्षमता १६३ टीएमसीच्या पुढे जाते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी.

बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० टीएमसी महाराष्ट्रास दिले आणि या वाटपाच्या फेरविचारासाठी ३१ मे २००० ही सीमारेषा ठरली. त्या तारखेपूर्वी आपल्या वाट्याचे पाणी अडवले नाही तर ते हातचे जाईल, या धास्तीने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची स्थापना झाली. कर्जरोख्यांतून निधी उभारून धरणांची कामे वेगाने हाती घेण्यात आली. राज्याच्या हक्काच्या दृष्टीने हे धोरण समजण्यासारखे होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की भिंत आधी, कालवा नंतर आणि चर सर्वांत शेवटी किंवा कधीच नाही, असा क्रम पक्का झाला. लवादापुढे मोजले जाणार होते ते अडवलेले पाणी. निचऱ्याला तेथे कोणी गुण देणार नव्हते.

पश्चिमेकडे वळवलेले पाणी

खोऱ्याच्या जलव्यवहारातील सर्वांत मोठा निर्णय मात्र बच्छावत लवादाच्याही आधी झालेला होता. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी सह्याद्रीतील बोगद्यांतून पश्चिमेस कोकणात सोडून त्यावर वीज निर्माण करावयाची, हा तो निर्णय. १९६२ मध्ये पोफळी येथील पहिला टप्पा सुरू झाला. १३ मार्च १९९९ रोजी शिवसागराच्या तळाशी सुरुंग उडवून 'लेक टॅपिंग' करण्यात आले आणि एक हजार मेगावॅटच्या चौथ्या टप्प्याचा मार्ग मोकळा झाला. आज प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९५० मेगावॅटच्या पुढे आहे. लवादाच्या निवाड्यानुसार यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवता येते. वीज निर्माण करून बाहेर पडलेले हे पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि तेथून अरबी समुद्रात जाते.

या पाण्याचे मोल काढणे अवघड नाही. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आले असता सुमारे १.२ युनिट वीज मिळते. मुंबई-पुण्याच्या कारखानदारीस मागणीच्या ऐन वेळी काही मिनिटांत उपलब्ध होणारी ही वीज आहे, त्यामुळे तिचे मूल्य साध्या युनिटच्या दरापेक्षा अधिक धरले पाहिजे. दुसऱ्या बाजूस हेच पाणी पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांना मिळाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न सांगली-सातारा भागातील प्रत्येक पाणी परिषदेत विचारला गेला आहे. या दोन मूल्यांची प्रामाणिक तुलना करावयाची तर दुष्काळी भागात पाणी उचलून नेण्यास लागणारी वीजही त्यात धरावी लागते, आणि तेथे हिशेब भावनेला साथ देत नाही. त्याकडे पुढे वळता येईल. कोयनेच्या जलाशयात ज्यांची गावे बुडाली त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला, ही किंमत मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

उपसा, सहकार आणि ऊस

वाळवा तालुक्यात पाणी आले ते मुख्यत्वे कालव्यांनी नव्हे, तर नदीवरील उपशाने. कोयना आणि वारणा धरणांतून सोडलेले पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीपात्रात थोपवले जाते. तेथून विद्युत पंपांनी उचलून जलवाहिन्यांद्वारे शेतात नेले जाते. एकट्या शेतकऱ्यास हा खर्च पेलणारा नव्हता. म्हणून सहकारी उपसा सिंचन संस्था निघाल्या, त्यांना बँकांनी कर्जे दिली आणि कर्जाच्या वसुलीची हमी साखर कारखान्याने उसाच्या बिलातून दिली. राजारामबापू पाटील यांच्या नेतृत्वाखाली साखराळे येथे उभा राहिलेला साखर कारखाना आणि क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळवा येथे उभारलेला हुतात्मा किसन अहीर कारखाना यांनी या तालुक्याचे अर्थकारण बदलून टाकले. शिक्षणसंस्था, दूधसंघ, बँका, दवाखाने हे सारे त्यापाठोपाठ आले. कोरडवाहू जोंधळ्याच्या गावात पक्की घरे उभी राहिली. ग्रामीण भांडवलनिर्मितीचे याहून स्पष्ट उदाहरण विकसनशील जगात क्वचितच सापडेल.

या व्यवस्थेत ऊस हेच पीक का टिकले, याचे उत्तर अनेकदा शेतकऱ्याच्या आळसात किंवा हव्यासात शोधले जाते. ते योग्य नाही. ऊस हे असे पीक आहे की ज्याचा भाव हंगामापूर्वी ठरलेला असतो, ज्याची तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि जे गारपीट, पूर, बाजारातील पडझड यांत सहसा पूर्णपणे बुडत नाही. पाण्याचा आकार दीर्घकाळ क्षेत्रावर आणि पिकावर ठरत आला, वापरलेल्या घनमीटरवर नव्हे. कृषिपंपांच्या विजेचा दरही दीर्घकाळ अश्वशक्तीवर होता, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज देण्यात आली. ज्या वस्तूची जादा मात्रा घेण्यास जवळपास काहीच द्यावे लागत नाही ती वस्तू माणूस जपून वापरत नाही. हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे, त्याला वाळव्याचा शेतकरी अपवाद असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने दुर्मीळ आहे ती जमीन. म्हणून तो एकरी उत्पन्न मोजतो, घनमीटरमागे मिळणारे उत्पन्न मोजत नाही.

समाजाच्या दृष्टीने मात्र चित्र उलट आहे. उसास पाटपाण्याने हेक्टरी २५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एक टीएमसी पाण्यात सुमारे ११०० हेक्टर ऊस पिकतो. तेवढ्याच पाण्यात हेक्टरी पाच हजार घनमीटर या हिशेबाने ज्वारी, हरभरा, भुईमूग यांसारख्या पिकांना संरक्षित पाणी दिल्यास ५६०० हेक्टरांहून अधिक क्षेत्र भिजते. राज्याच्या एकूण लागवडीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास असूनही सिंचनाच्या पाण्यातील त्याचा वाटा निम्म्याहून पुष्कळ अधिक धरला जातो. एक किलो साखरेमागे पंधराशे ते दोन हजार लिटर पाणी खर्च होते असा सर्वसाधारण अंदाज आहे. भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी 'आभासी पाणी' ही संकल्पना मांडली, त्या अर्थाने महाराष्ट्रातून निर्यात होणाऱ्या साखरेच्या प्रत्येक पोत्याबरोबर कृष्णेचे पाणीही देशाबाहेर जाते.

मीठ : पाण्याचे दुसरे उत्पन्न

सिंचनाच्या अर्थकारणातील सर्वांत दुर्लक्षित भाग येथे सुरू होतो. नदीचे पाणी गोड असले तरी ते शुद्ध नसते. त्यात विरघळलेले क्षार असतात. लिटरमागे ०.३ ग्रॅम क्षार, हे चांगल्या प्रतीच्या पाण्याचे प्रमाण धरले, तरी हेक्टरी २५ हजार घनमीटर पाण्याबरोबर एका वर्षात साडेसात टन क्षार शेतात येतात. पीक पाणी घेते, ऊन पाणी घेते, क्षार मात्र कोणीच घेत नाही. पुरेसा निचरा असेल तर जादा पाण्याबरोबर ते खाली आणि पुढे निघून जातात. निचरा नसेल तर ते तेथेच साठत राहतात.

कृष्णाकाठची काळी माती याच ठिकाणी घातक ठरते. तिच्यातील चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने ती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण. तीच माती पाणी खाली जाऊ देत नाही, हा तिचा दोष. वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने भूजलाची पातळी वर चढते. ती जमिनीच्या पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की केशाकर्षणाने पाणी वर खेचले जाते. त्याचे बाष्पीभवन होते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर दिसू लागतो. त्यास या भागात मीठ फुटणे असे म्हणतात. क्षारांत सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण सुटे होतात, घडण मोडते आणि ओली असताना चिखल व वाळली की दगड अशी 'चोपण' जमीन तयार होते. आधी हरभरा, घेवडा यांसारखी पिके जातात, ऊस त्यांच्या मानाने उशिरा. ऊस काही काळ तग धरतो म्हणून शेतकरी अशा जमिनीत ऊसच लावत राहतो आणि अधिक पाणी देत राहतो. रोग वाढवणारा उपाय असे याचे वर्णन केल्यास वावगे ठरणार नाही.

आष्टा, कसबे डिग्रज आणि पुढे शिरोळपर्यंतच्या पट्ट्यात हजारो एकर उत्कृष्ट जमीन अशा प्रकारे नापीक किंवा अर्धनापीक झालेली आहे. ही जमीन सातबाऱ्यावर बागायत म्हणूनच दिसते. तिच्यावरील सोसायटीचे कर्जही तसेच असते. उत्पन्न मात्र गेलेले असते. कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन दुष्काळ सरला की पुन्हा पिकते. क्षारपड झालेली जमीन पाऊस चांगला पडला म्हणून सुधारत नाही. बागायती तालुक्यात राहून भूमिहीनासारखे दुसऱ्याच्या फडात तोडीला जाण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांची गणना कोणत्याही सिंचन अहवालात होत नाही.

विशेष म्हणजे हे ज्ञान नवे नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत त्या खोऱ्यातील जमिनी खारावल्या. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी नीरा खोऱ्यातील खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक पद्धत' सुचवली. एका गटात ठरावीक क्षेत्रातच ऊस घ्यावा, उरलेल्यात हंगामी पिके घ्यावीत आणि पाणी अधिक गावांत पसरावे, हे तिचे सूत्र होते. शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात शिकलेला धडा कृष्णाकाठी पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला. कालव्यावर निदान सरकारी अभियंता तरी असतो. नदीवरून उपसा करणाऱ्या शेकडो स्वतंत्र संस्थांवर पीकरचनेचे कोणतेच बंधन नव्हते.

निचऱ्याचे तंत्र आणि त्यातील माणसे

उपाय तांत्रिकदृष्ट्या ज्ञात आहे. उघडे चर काढणे हा जुना मार्ग. त्यात जमीन जाते आणि चर लवकर बुजतात. भूमिगत निचरा पद्धतीत गाळणी गुंडाळलेले सच्छिद्र पाइप मीटर-सव्वा मीटर खोलीवर ठरावीक अंतराने पुरले जातात. त्यातील पाणी मुख्य वाहिनीत आणि तेथून ओढ्यात सोडले जाते. सोडियमयुक्त जमिनीत जिप्सम आणि ताग-धैंचासारखी हिरवळीची खते यांची जोड द्यावी लागते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने या विषयावर काम केले आहे. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने अनेक गावांतील शेतकऱ्यांना एकत्र आणून मोठ्या क्षेत्रावर भूमिगत निचऱ्याचा उपक्रम राबवला आणि पडीक जमिनीत पुन्हा पीक उभे केले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

खरी अडचण पाइपाची नाही, बांधाची आहे. एका शेतकऱ्याच्या शेतातील खारे पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचे तर ते मधल्या दहा जणांच्या शेतांतून जावे लागते. वरच्या अंगाच्या जमिनीस त्रास नसतो, म्हणून तो शेतकरी वर्गणी देत नाही. जादा पाणी मात्र त्याच्याच शेतातून खाली उतरलेले असते. हा बाह्य परिणामाचा नमुनेदार प्रकार आहे. सामायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक साधनांची व्यवस्था लोक स्वतः नियम करून चालवू शकतात, मात्र लाभ आणि खर्च यांची वाटणी त्यांना न्याय्य वाटली पाहिजे, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. वाळव्यात पाणी उचलण्यासाठी लोक एकत्र आले, कारण त्यातून प्रत्येकास ऊस दिसत होता. पाणी काढून टाकण्यासाठी एकत्र येण्यात तसे दृश्य फळ नाही. त्यामुळे येथे कारखान्यासारख्या मध्यस्थाची भूमिका निर्णायक ठरते.

इजिप्तचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाले आणि नाईलकाठी बारमाही सिंचन पसरले. त्याबरोबर क्षारांचा प्रश्न उभा राहताच त्या देशाने जागतिक बँकेच्या साहाय्याने भूमिगत निचऱ्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढील दशकांत लक्षावधी हेक्टरांवर पाइप टाकले. दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने तो देश त्या वेळी श्रीमंत नव्हता. निचरा हा सिंचनाचाच भाग मानला गेला, एवढाच फरक.

पूर्वेकडील तालुके आणि चढणीचा खर्च

वाळव्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आटपाडीचे माळरान आहे. एकाच जिल्ह्यात जमीन पाण्याने मरते आणि पाण्यावाचूनही मरते, या विसंगतीतून समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. १९९३ पासून आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांना हक्काचे पाणी मिळावे ही त्यांची मागणी होती. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे या चळवळीचे प्रमुख होते. यातील नागनाथअण्णा बागायती वाळव्याचे, म्हणजे पाणी असलेल्या बाजूचे होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्यापूर्वी १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी येरळेवर लोकवर्गणीतून बळीराजा स्मृती धरण बांधले होते. त्याच्या नियमांत भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा समान हक्क होता आणि उसाला मज्जाव होता.

पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना आकारास आल्या. कऱ्हाडजवळ उचलले जाणारे टेंभूचे पाणी अनेक टप्पे चढून आटपाडी-सांगोल्याकडे जाते. योजनेचे मूळ पाणी २२ टीएमसी आणि लाभक्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर. भागाकार केल्यास हेक्टरी ७,८०० घनमीटरच्या आसपास पाणी येते, आणि वाटेतील गळती व बाष्पीभवन त्यातूनच वजा होते. याचा अर्थ ही योजना कागदावरच ऊस नाकारते. तरीही तिच्या वरच्या अंगाच्या लाभक्षेत्रात ऊस उभा राहिला आणि शेपटाकडील गावे वाट पाहत राहिली.

येथे विजेचा हिशेब निर्णायक ठरतो. एक घनमीटर पाणी शंभर मीटर वर चढवण्यास, पंपांची सर्वसाधारण कार्यक्षमता धरता, सुमारे ०.४ युनिट वीज लागते. दोनशे मीटर चढवून त्यावर ऊस पिकवल्यास हेक्टरी वीस हजार युनिट खर्च होतील. पाच रुपये दराने ते एक लाख रुपये होतात. हेक्टरी शंभर टन ऊस आणि टनास तीन हजार रुपये धरले तर एकूण उत्पन्नाचा तिसरा हिस्सा केवळ पाणी चढवण्यात जातो. ही रक्कम शेतकऱ्यास जाणवत नाही, कारण वीजबिलाचा मोठा भाग शासन उचलते. तेच पाणी हेक्टरी पाच हजार घनमीटरप्रमाणे डाळिंब, ज्वारी, चारा यांस दिल्यास खर्च चार हजार युनिटांवर येतो आणि पाचपट कुटुंबांना लाभ पोहोचतो. कोयनेतून पाचशे मीटर खाली पडताना घनमीटरमागे १.२ युनिट मिळते आणि पूर्वेस दोनशे मीटर चढवताना ०.८ युनिट द्यावे लागते. पश्चिमेचे पाणी पूर्वेस वळवा ही मागणी न्यायाच्या दृष्टीने कितीही रास्त असली, तरी त्या पाण्यावर ऊस होणार असेल तर ती आर्थिकदृष्ट्या टिकणारी नाही. संरक्षित सिंचन होणार असेल तर तिचा विचार वेगळ्या पातळीवर करावा लागेल.

समुद्राचा हिस्सा

नदीचे जे पाणी समुद्रास मिळते ते वाया गेले, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही दृढ आहे. गोडे पाणी आणि गाळ खाडीत पोहोचल्यावरच तेथील कोळंबी, खेकडे आणि माशांची पैदास होते. समुद्राचे पाणी किनाऱ्याच्या विहिरींत शिरत नाही तेही या प्रवाहामुळे. २००० नंतरच्या सलग अवर्षणाच्या वर्षांत कृष्णेचे अत्यल्प पाणी बंगालच्या उपसागरास मिळाले. वरच्या तीन राज्यांतील धरणांचा तो एकत्रित परिणाम होता, आणि त्याची झळ आंध्रच्या त्रिभुज प्रदेशास बसली.

मत्स्यव्यवसायाच्या आकड्यांतही गोड्या पाण्याचे स्थान दुर्लक्षिले जाते. २०२२-२३ मध्ये भारताचे एकूण मत्स्योत्पादन सुमारे १७५ लाख टन होते. त्यातील तीनचतुर्थांश वाटा समुद्राचा नव्हे, तर तळी, जलाशय आणि नद्यांचा होता. महाराष्ट्रात प्रमाण याच्या उलट असून सागरी मासेमारीचा वाटा मोठा आहे. देशातील सर्वाधिक धरणे असलेल्या राज्याबाबत ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे. शिवसागर आणि वसंतसागर यांचा परिसर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे तेथे मर्यादा आहेत. परंतु लहान तलाव आणि शेततळी यांबाबत तसे बंधन नाही. हरियाणातील खारावलेल्या जमिनींवर केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतक येथील केंद्राने खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्याचे तंत्र विकसित केले आहे. कृष्णाकाठी असा प्रयोग करता येईल काय, हा संशोधनाचा विषय आहे. मात्र अशा तळ्यांतील खारे पाणी शेजारच्या शेतात झिरपणार नाही याची व्यवस्था आधी हवी. अन्यथा एका शेताची सुधारणा दुसऱ्याच्या नुकसानीवर होईल.

मोजमापाचा प्रश्न

राज्याने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा असे दोन कायदे केले. त्यांत पाणी घनमापनाने द्यावे हे तत्त्व आहे. २०१७ मध्ये उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णयही झाला. दोहोंची अंमलबजावणी अपुरी राहिली. ठिबकने पाण्याची तीस-चाळीस टक्के बचत होते असे सांगितले जाते. ती खरी असली तरी वाचलेल्या पाण्यावर शेजारी आणखी ऊस लागत असेल तर नदीच्या हिशेबात काहीच वाचत नाही. क्षारांच्या दृष्टीने मात्र ठिबकचा लाभ निर्विवाद आहे, कारण भूजल वर चढत नाही.

याबाबतीत सहकारी साखर कारखान्यांच्या हाती असलेले साधन शासनाकडेही नाही. प्रत्येक सभासदाचा गट नंबर, लागणीची तारीख, आडसाली की सुरू, जात कोणती, खोडवा कितवा, एकरी टन किती, ही सर्व नोंद कारखान्याच्या शेती खात्यात दरवर्षी होते. वार्षिक अहवालात गाळप, उतारा, साखरेचा साठा, तोडणी-वाहतुकीचा खर्च हे सारे दशांशापर्यंत छापले जाते. त्याच नोंदवहीत भूजलाची पातळी, मातीची विद्युतवाहकता आणि उपसा संस्थेच्या पंपांचे तास असे तीन रकाने वाढवले तर कोणत्या गटात मीठ चढत आहे हे पीक जाण्यापूर्वी चार-पाच वर्षे आधी कळू शकेल. त्याच आधारे टनामागे अल्प कपात करून निचऱ्याचा निधी उभारता येईल. पाणी उचलण्याचे कर्ज ज्या पद्धतीने उसाच्या बिलातून फिटले, तीच ही पद्धत आहे. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याकडूनही ही कपात घेतली जावी काय, हा वादाचा मुद्दा राहील, आणि त्याचा निर्णय कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतच व्हावा लागेल.